भूतान आणि मालदीव यांची व्यावसायिक सेवा-आयात: प्रकल्प करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

सोलापुरात जानेवारीत गड्ड्याची यात्रा सुरू झाली की आमच्याकडे प्रकल्पांचेही दिवस सुरू होतात. अर्थशास्त्राची मुलं फाइली घेऊन येतात आणि गेली काही वर्षं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा विषय एकच असतो: दोन छोट्या देशांच्या व्यावसायिक सेवा-आयातीची काळानुसार तुलना. बहुतेक जण भूतान आणि मालदीव निवडतात. दोन्ही आपले शेजारी, एक डोंगरातला, एक समुद्रातला. आणि दोन्ही किती छोटे, हे सोलापूरकराला एका वाक्यात कळतं. २०११च्या जनगणनेत आपल्या शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. भूतानची २०१७च्या जनगणनेत सव्वासात लाख आणि मालदीवची २०२२मध्ये सव्वापाच लाखांच्या आत. दोन्ही देश आपल्या एका शहरापेक्षा लहान.

तेच तेच प्रश्न दरवर्षी येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे.

सेवा कधी आयात होते का? ती जहाजातून थोडीच येते?

जहाजातून येत नाही, पण जहाज स्वतःच सेवा आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून टॉवेलचा एक कंटेनर मालदीवमधल्या रिसॉर्टकडे निघाला असं समजा. टॉवेलची किंमत ४० लाख रुपये, समुद्रापलीकडे नेण्याचं भाडं आणि विमा मिळून अडीच लाख. मालदीवच्या कस्टमच्या कागदावर साडेबेचाळीस लाखांची आयात दिसेल, कारण तिथं सीआयएफ किंमत लिहितात, म्हणजे माल, विमा आणि भाडं मिळून. व्यवहारतोलात, म्हणजे देशाच्या परदेशांशी झालेल्या सगळ्या व्यवहारांच्या हिशेबात, मात्र माल एफओबी किमतीला (भाडं-विमा सोडून) धरतात, म्हणजे ४० लाख वस्तूंच्या आयातीत जातात. उरलेले अडीच लाख जर मालदीवबाहेरच्या शिपिंग आणि विमा कंपन्यांना मिळाले असतील, तर ती झाली मालदीवची सेवा-आयात.

यात एक मेख आहे. आपल्या कारखानदाराने सीआयएफ दराने सौदा केला असेल, तर फ्रेटचे पैसे प्रत्यक्षात सोलापूरहून भरले जातात. तरीही हिशेबात ते भाडं मालदीवच्या आयातदारानेच सोसलं असं धरतात, कारण निर्यातदाराच्या हद्दीपुढचा खर्च घेणाऱ्याचा, असा नियम आहे. बिल कोणाच्या खात्यातून वटलं याने फरक पडत नाही. मुलांना हे पटायला वेळ लागतो. पण एकदा पटलं की सेवा-आयात ही कल्पना डोळ्यांसमोर उभी राहते.

आणखी जवळचं उदाहरण हवं असेल तर आपले टॉवेलवाले जानेवारीत फ्रँकफर्टच्या हाइमटेक्स्टिल प्रदर्शनाला जातात ते घ्या. तिथल्या स्टॉलचं भाडं, हॉटेलचं बिल, परदेशी प्रयोगशाळेकडून घेतलेलं तपासणीचं प्रमाणपत्र, डिझाइनच्या सॉफ्टवेअरची वार्षिक फी हे सगळं भारताच्या सेवा-आयातीत येतं. कंटेनर एकही आला नाही, पण पैसा बाहेर गेला आणि त्याबदल्यात काहीतरी मिळालं.

मग ‘व्यावसायिक’ हा शब्द कशाला जोडला आहे?

हा हिशेब कसा लिहायचा ते सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या सहाव्या नियमपुस्तिकेत सेवांचे १२ गट आहेत: दुसऱ्याच्या मालावर केलेली प्रक्रिया, देखभाल-दुरुस्ती, वाहतूक, प्रवास, बांधकाम, विमा-पेन्शन, वित्तीय सेवा, बौद्धिक संपदेचे शुल्क, दूरसंचार-संगणक-माहिती, इतर व्यावसायिक सेवा, वैयक्तिक-सांस्कृतिक सेवा आणि सरकारी सेवा. शेवटचा गट, म्हणजे वकिलाती वगैरेंचा खर्च, वजा केला की राहते ती व्यावसायिक सेवा-आयात. जागतिक बँकेच्या यादीत ‘सर्व्हिस इम्पोर्ट्स’ आणि ‘कमर्शियल सर्व्हिस इम्पोर्ट्स’ अशा दोन वेगळ्या ओळी असतात. भूतानसाठी एक आणि मालदीवसाठी दुसरी ओळ उतरवलेले प्रकल्प मी पाहिले आहेत. आधी ओळीचं नाव तपासा.

मालदीवला एवढे पर्यटक जातात. मग त्याची सेवा-आयात प्रचंड असणार ना?

पर्यटक येणं ही मालदीवची निर्यात आहे. हा घोळ दर दुसऱ्या प्रकल्पात असतो. पाहुणा परदेशातून आला आणि त्याने तिथं पैसे खर्च केले, म्हणजे मालदीवने सेवा विकली. मालदीवचा माणूस बाहेर जाऊन खर्च करतो ती आयात.

आपल्याकडचंच पाहा. विजयपूर, कलबुर्गी, धाराशिवहून रोज किती पेशंट सोलापूरच्या दवाखान्यांत येतात. नातेवाईक लॉजवर राहतात, मेडिकलमधून औषधं घेतात, खानावळीत जेवतात. उद्या सोलापूर आणि विजयपूर यांच्यामध्ये दोन देशांची हद्द असती, तर हा सगळा खर्च सोलापूरची ‘प्रवास’ या गटातली निर्यात ठरला असता आणि विजयपूरची आयात. उपचार आणि शिक्षण यांच्यासाठीचा खर्च ‘प्रवास’ गटातच धरतात. पेशंट किंवा विद्यार्थी वर्षापेक्षा जास्त बाहेर राहिला तरी तो हिशेबाला आपल्याच देशाचा निवासी राहतो.

तरीही पर्यटनाचा आयातीशी संबंध आहेच, फक्त तो आडवाटेने येतो. पाहुण्यासाठी मागवलेल्या मालाचं भाडं, रिसॉर्ट चालवणाऱ्या परदेशी साखळीची व्यवस्थापन फी, ब्रँडच्या नावाची रॉयल्टी, परदेशात केलेली जाहिरात या सगळ्या सेवा मालदीव विकत घेतो. जर्मनीतला पर्यटक आखाती विमान कंपनीच्या विमानाने मालेला उतरला, तर ते तिकीट मात्र मालदीवच्या खात्यात कुठेच येत नाही. तो दोन परक्यांमधला व्यवहार आहे.

परदेशी कामगार मालदीवमधून घरी पैसे पाठवतात, तेही यात धरायचे का?

नाही. मालदीवच्या २०२२च्या जनगणनेत साधारण चारातला एक रहिवासी परदेशी होता, त्यामुळे ही रक्कम छोटी नाही. पण वर्षाहून जास्त काळ राहणारा कामगार मालदीवचा निवासी ठरतो आणि त्याने घरी पाठवलेला पैसा दुय्यम उत्पन्नाच्या खात्यात जातो. थोड्या काळासाठी आलेल्या कामगाराची मजुरी प्राथमिक उत्पन्नात जाते. हॉटेल मालकाने बाहेर नेलेला नफाही तिथंच. सेवांच्या रकान्यात यातलं काहीच नाही. परदेशी बँकेची मालेमधली शाखा तिथल्याच माणसाला सेवा देते तेव्हा तीही आयात नाही, कारण ती शाखा त्या देशाची निवासी मानतात.

आकडे कुठून घ्यायचे?

जागतिक बँकेच्या जागतिक विकास निर्देशकांमधून सुरुवात करा. आकडा तिथं मुळात नाणेनिधीकडून येतो आणि नाणेनिधीला तो देशाची मध्यवर्ती बँक देते. मालदीवची मॉनेटरी ऑथॉरिटी १९८१ची, भूतानची रॉयल मॉनेटरी ऑथॉरिटी १९८२ची. या दोघींचे वार्षिक अहवाल नक्की उघडा, कारण आकडा का हलला ते तिथंच लिहिलेलं असतं. अंकटाड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-विकास संस्थेच्या संकेतस्थळावरही सेवा-व्यापाराची मालिका आहे. तीन ठिकाणी तीन आकडे दिसले तर घाबरू नका, पण एका आलेखात तिघांची सरमिसळ करू नका.

फाइलमध्ये काही वर्षांसमोर नुसती दोन टिंबं आहेत. तिथं शून्य लिहू का?

अजिबात नको. दोन टिंबं म्हणजे आकडा उपलब्ध नाही. शून्य म्हणजे त्या वर्षी देशाने एक पैशाचीही सेवा बाहेरून घेतली नाही.

एका मुलीच्या आलेखात रेषा चांगली चढत होती, मग अचानक दोन वर्षं तळाला टेकली आणि पुन्हा वर गेली. खाली तिने पानभर कारणं लिहिली होती: मंदी, राजकीय अस्थिरता, तेलाचे भाव. प्रत्येक वाक्य वाचायला बरोबर वाटत होतं. मी तिला मूळ फाइल उघडायला लावली, तर त्या दोन चौकटींत टिंबं होती. स्प्रेडशीटमध्ये बेरीज चालेना म्हणून कोणीतरी तिला तिथं शून्य टाकायला सांगितलं होतं. ती मुलगी हुशार होती आणि मेहनत खरी होती, म्हणून मला ते जास्त लागलं. नसलेल्या घटनेची कारणं इतकी सहज सुचतात, हे त्या दिवशी वर्गातल्या सगळ्यांनी पाहिलं.

रेषा तिथं तोडा आणि खाली ‘आकडा उपलब्ध नाही’ असं लिहा. शेजारच्या दोन वर्षांची सरासरी टाकायची असेल तर तुटक रेषा काढा आणि तसं सांगा.

मिलियन-बिलियनचे कोटी कसे करायचे?

१ मिलियन म्हणजे १० लाख, १ बिलियन म्हणजे १०० कोटी. फाइलमध्ये आकडा पूर्ण डॉलरमध्ये असतो. ३५,००,००,००० म्हणजे ३५ कोटी डॉलर. एकदा शून्यं मोजा, पुन्हा एकदा मोजा.

हे दोन देश बाहेरून नक्की कोणत्या सेवा घेतात?

खरा अभ्यास इथं आहे, म्हणून जरा थांबून लिहिते.

मालदीव म्हणजे सुमारे १,२०० बेटं. तांदूळ, डिझेल, सिमेंट, भाजी, टॉवेल जवळपास सगळं समुद्रातून येतं. त्यामुळे वाहतुकीचा खर्च टाळता येतच नाही. त्याच्या जोडीला तिथल्या लोकांचा बाहेरचा प्रवास आहे. उपचारासाठी तिरुअनंतपुरमला जाण्याची मालदीवच्या कुटुंबांची जुनी रीत आहे. २०१२मध्ये ‘आसंधा’ ही सरकारी आरोग्य विमा योजना सुरू झाली आणि परदेशातल्या उपचारांनाही तिचा आधार मिळाला. मग रिसॉर्टच्या व्यवस्थापनाची फी, विमा, सल्लागार. मधूनच एखादं मोठं बांधकाम येतं. माले आणि विमानतळाच्या बेटाला जोडणारा सिनामाले पूल ऑगस्ट २०१८मध्ये खुला झाला; तो चिनी कंपनीने चीनच्या अनुदान-कर्जावर बांधला.

भूतानला समुद्रच नाही. माल कोलकात्याच्या बंदरातून किंवा थेट भारतातून रस्त्याने सीमेवरच्या जयगावला येतो आणि पलीकडे फुन्शोलिंगला जातो. वाहतूक इथंही आहे, पण ट्रक भूतानी मालकाचा असेल तर त्या टप्प्याचं भाडं आयातीत येत नाही. खरी उसळी येते ती जलविद्युत प्रकल्पांमुळे. १,०२० मेगावॉटचा ताला २००६-०७मध्ये सुरू झाला, ७२० मेगावॉटच्या मांगदेछूचं उद्घाटन ऑगस्ट २०१९मध्ये झालं. १,२०० मेगावॉटच्या पुनात्सांगछू-१चं काम २००८मध्ये सुरू झालं आणि २०१३मध्ये धरणाच्या जागेजवळचा डोंगर घसरल्यावर रखडलं. अशा प्रकल्पांवर बाहेरचे कंत्राटदार, सल्लागार, अभियंते काम करतात, त्यांची बिलं सेवा-आयातीत दिसू शकतात.

‘शकतात’ म्हणते, कारण कंत्राटदाराने तिथं दीर्घ काळासाठी स्वतंत्र हिशेब ठेवणारी शाखा उघडली, तर ती शाखा भूतानची निवासी ठरते आणि काम आयात राहत नाही. तोच बोगदा, तेच मजूर, पण नोंद कुठल्या रकान्यात पडली त्यावर आकडा बदलतो. बांधकामाचा आकडा वापरण्याआधी अहवालातली टीप वाचा, असं मी म्हणते ते यासाठी.

भूतानच्या ‘प्रवास’ गटातही माणसं आहेत. तिथं ज्या उपचारांची सोय नाही, त्यासाठी सरकार पेशंटना स्वतःच्या खर्चाने कोलकात्याला, वेल्लोरला पाठवतं. मुलं शिकायला भारतात येतात, आणि गेल्या काही वर्षांत ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांची संख्या फार वाढली आहे. त्यांची फी आणि खोलीचं भाडं ही भूतानची सेवा-आयात.

म्हणून माझा आग्रह असा की एकूण आकड्याची रेषा काढून थांबू नका. जागतिक बँकेकडे त्याच जागी वाहतूक, प्रवास, विमा-वित्त आणि संगणक-दळणवळण व इतर अशा गटांची टक्केवारी मिळते. भारतासारख्या देशात हजारो बिलं एकमेकांत मिसळून जातात. या दोन देशांत एक धरण, एक पूल, एक बंद पडलेला हंगाम रेषेवर सरळ दिसतो. ते बिल शोधून काढणं हाच तुमचा प्रकल्प आहे.

दोन्ही आकडे डॉलरमध्येच आहेत, मग विनिमय दराची काळजी का करायची?

कारण डॉलरमध्ये आकडा छापला, म्हणून व्यवहार डॉलरमध्ये झाला असं होत नाही.

भूतानचं चलन न्गुल्त्रुम आपल्या रुपयाशी एकास एक जोडलेलं आहे आणि भूतानच्या सेवांचा मोठा भाग रुपयांतच घेतला जातो. समजा, एका वर्षी ४५० कोटी रुपयांच्या सेवा घेतल्या. डॉलर ४५ रुपयांना असेल तर ते १० कोटी डॉलर होतात. काही वर्षांनी तेवढ्याच ४५० कोटींच्या सेवा घेतल्या, पण डॉलर ६० रुपयांना झाला, तर आकडा साडेसात कोटी. म्हणजे आलेखावर २५ टक्क्यांची घसरण, आणि फुन्शोलिंगच्या नाक्यावर एक ट्रकही कमी झालेला नाही. २०१०-११मध्ये डॉलर सरासरी ४५-४६ रुपयांना होता आणि २०१३-१४मध्ये ६०च्या पुढे गेला, त्यामुळे हे उदाहरण नुसतं पुस्तकी नाही.

मालदीवची गोष्ट उलटी. तिथलं चलन रुफिया. तो २००१पासून डॉलरला १२.८० या दराला बांधलेला होता. एप्रिल २०११मध्ये त्याला पट्टा दिला, म्हणजे ठरावीक मर्यादेत वरखाली होऊ दिलं, आणि दर लवकरच पट्ट्याच्या टोकाला, १५.४२ला जाऊन टेकला. मालदीव बऱ्याचशा सेवा डॉलरमध्येच घेतो, म्हणून डॉलरमधला आयातीचा आकडा यामुळे आपोआप घटत नाही. पण स्थानिक चलनात मोजलेलं उत्पन्न डॉलरमध्ये आणलं की कमी दिसतं. म्हणजे जीडीपीशी प्रमाण काढलं तर ते चढतं, आणि मुलं लिहितात ‘२०११नंतर मालदीवचं परावलंबन वाढलं’. खालचा अंक लहान झाला, वरचा वाढलेला नाही.

उपाय काय? भूतानसाठी डॉलरच्या रेषेबरोबर रुपयातलीही रेषा काढा. दोन्ही एकाच दिशेला जात असतील तरच ‘वाढली’ किंवा ‘घटली’ हा शब्द वापरा.

२०२० हे वर्ष दोघांसाठी सारखंच ना? कोविड तर सगळीकडे होता.

मालदीवचा हिशेब जानेवारी ते डिसेंबर असतो. भूतानचा जुलै ते जून. भूतानच्या २०१९-२० या वर्षातले पहिले आठ-नऊ महिने कोविडच्या आधीचे आहेत; २०२०-२१ मात्र पूर्णपणे बंद सीमेच्या काळातलं. मालदीवने मार्च २०२०च्या अखेरीस पर्यटक थांबवले आणि १५ जुलैला पुन्हा दारं उघडली. पर्यटक १७ लाखांवरून साडेपाच लाखांवर आले, पण हंगाम पूर्ण बुडाला नाही. भूतानने दार उघडलं ते थेट २३ सप्टेंबर २०२२ला.

तेव्हा दोन्ही देशांच्या ‘२०२०’वर उभी रेघ मारून तुलना केली, तर दोन वेगळ्या गोष्टी शेजारी ठेवल्यासारखं होईल. तुमच्या फाइलमध्ये भूतानचं कोणतं आर्थिक वर्ष कोणत्या सालाखाली टाकलं आहे, ते टीपेत पाहा. तिमाही आकडे मिळाले तर ते जुळवून घ्या. नाही मिळाले तर दोन-दोन वर्षांची सरासरी घेऊन तुलना करा. धारदारपणा जातो, पण चूक टळते.

मालिकेच्या मध्येच मोजण्याची पद्धत बदलली असं ऐकलं. खरं आहे?

खरं आहे. नाणेनिधीची पाचवी नियमपुस्तिका १९९३ची, सहावी २००९ची, आणि सातवी २०२५मध्ये आली. सहाव्या पुस्तिकेने काही गोष्टी इकडच्या तिकडे केल्या. दुसऱ्याच्या कच्च्या मालावर प्रक्रिया करून देणं, ज्याला आपण जॉबवर्क म्हणतो, आणि मालाची दुरुस्ती हे आधी वस्तूंमध्ये होतं, ते सेवांत आलं. परदेशात माल घेऊन परदेशातच विकण्याचा व्यापार सेवांतून वस्तूंकडे गेला. टपाल आणि कुरिअर दळणवळणातून वाहतुकीत आले.

यंत्रमागाच्या शहरातल्या मुलांना जॉबवर्क समजावून सांगावं लागत नाही. सूत पार्टीचं, माग आपला, मजुरी मीटरवर. पार्टी परदेशी असेल तर ती मजुरी सहाव्या पुस्तिकेनुसार सेवा-निर्यात. या दोन देशांत हा गट मोठा नसावा, पण विमानाची बाहेर करून घेतलेली दुरुस्ती यांसारख्या नोंदींनी एखाद्या वर्षी पायरी दिसू शकते. बऱ्याच मालिका २००५च्या सुमारास सांधलेल्या आहेत. १९९५पासून तुलना करणार असाल तर सांध्याच्या दोन्ही बाजूंचे वाढीचे दर वेगवेगळे काढा.

तुलना एकूण रकमेची करू, जीडीपीच्या टक्क्यांत करू, की दरडोई?

प्रश्न काय विचारता त्यावर. देशाला किती परकीय चलन लागतं हे पाहायचं असेल तर एकूण रक्कम. अर्थव्यवस्थेला हा खर्च किती जड आहे हे पाहायचं असेल तर जीडीपीशी प्रमाण. दरडोई आकडा मला मालदीवसाठी पटत नाही. तिथं लोकसंख्येच्या कित्येक पट पर्यटक वर्षात येऊन जातात, आणि आयात केलेल्या सेवेचा बराच भाग त्यांच्या वाट्याला जातो. तो खर्च सव्वापाच लाख रहिवाशांत वाटून ‘प्रत्येक मालदीववासी एवढी सेवा आयात करतो’ म्हणणं चुकीचं आहे.

वाढीच्या दरातही एक फसगत आहे. कल्पित आकडे घेते. ‘अ’ देशाची आयात दहा वर्षांत २० कोटींवरून ८० कोटी झाली, ‘ब’ची १०० वरून २००. ‘अ’चा वार्षिक चक्रवाढ दर जवळपास १४.९ टक्के येतो, ‘ब’चा ७.२. म्हणजे ‘अ’ दुप्पट वेगाने धावतोय. पण दोघांमधलं अंतर आधी ८० कोटी होतं, ते १२० कोटी झालं. दोन्ही विधानं खरी आहेत. परीक्षकाने विचारलं की ‘अंतर कमी झालं का वाढलं’, तर आधी कोणतं अंतर ते सांगा, प्रमाणातलं की रकमेतलं.

पहिलं आणि शेवटचं वर्ष निवडतानाही सांभाळा. मालदीवसाठी २००५ हे सुरुवातीचं वर्ष धरलं, तर डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतरचा काळ पाया होतो. त्या वर्षी पर्यटक सुमारे ६ लाख १७ हजारांवरून ३ लाख ९५ हजारांवर आले होते. अशा पायावरून काढलेला कोणताही दर विश्वासाचा नाही.

वाहतुकीचा आकडा तेलाच्या भावाबरोबर वरखाली होतो. माल जास्त आला की भाडं वाढलं?

दोन्ही असू शकतं, आणि तिसरीही शक्यता असते. सगळी भाड्याची बिलं गोळा करणं छोट्या देशाच्या सांख्यिकी विभागाला जमत नाही. मग काही देश आयात मालाच्या सीआयएफ किमतीचा ठरावीक टक्का भाडं-विमा म्हणून धरतात. अशा वेळी डिझेल महागलं की मालाची किंमत वाढते आणि तिच्या टक्क्याने काढलेलं भाडंही कागदावर आपोआप वाढतं, जहाजाने एक डॉलर जास्त घेतलेला नसला तरी. वाहतुकीची रेषा वस्तू-आयातीच्या रेषेला अगदी चिकटून चालत असेल, तर हा संशय घ्या आणि अहवालातली पद्धतीची टीप शोधा.

सेवा-आयात वाढली म्हणजे देशाचा पैसा बाहेर गेला, हे वाईटच ना?

प्रकल्पांच्या निष्कर्षात हे वाक्य इतक्यांदा वाचलं आहे की आता मी ते खोडण्याआधी विद्यार्थ्याला समोर बसवते. वेल्लोरला जाऊन बरी झालेली भूतानी बाई ही त्या देशाची सेवा-आयात आहे. धरणासाठी आणलेला भूगर्भतज्ज्ञ ही सेवा-आयात आहे, आणि ते धरण उभं राहिल्यावर वर्षानुवर्षं वीज निर्यात होते. सात लाखांच्या देशाने प्रत्येक आजाराचं इस्पितळ आणि प्रत्येक विषयाचा अभियंता स्वतः घडवावा ही अपेक्षाच चूक आहे.

वाईट काय असतं, तर ज्या चलनात खर्च आहे त्या चलनाची कमाई नसणं. भूतानने हे २०१२मध्ये भोगलं. भारताकडून होणारी खरेदी आणि देशातली कर्जं इतकी वाढली की रुपयांचा साठा अपुरा पडला, आणि मध्यवर्ती बँकेला रुपयाच्या वापरावर निर्बंध आणावे लागले. वाहनं आणि घरांची कर्जं थांबली. तेव्हा आयातीच्या रेषेशेजारी निर्यातीची रेषा ठेवा आणि पैसा कुठून आला ते लिहा. अनुदानातून झालेलं बांधकाम आणि साठ्यातून भागवलेली सहल, दोन्ही आलेखावर एकाच रंगात दिसतात.

भारताकडून किती सेवा घेतल्या, हे वेगळं मिळेल का?

जागतिक बँकेच्या या मालिकेत नाही. ती सगळ्या जगाकडून घेतलेल्या सेवांची आहे. भूतानची मध्यवर्ती बँक भारताशी असलेला व्यवहारतोल वेगळा देते, तो वापरा. देशागणिक सेवा-व्यापारासाठी जागतिक व्यापार संघटना आणि ओईसीडी (मुख्यतः श्रीमंत देशांची आर्थिक संघटना) यांनी मिळून तयार केलेली संतुलित मालिका आहे, पण तिच्यात बऱ्याच चौकटी अंदाजाने भरलेल्या असतात. तुम्ही ती वापरली तर अंदाज कुठले ते रंगाने दाखवा.

किती वर्षांची तुलना पुरेशी?

पंधरा वर्षं. त्यापेक्षा कमी घेतली तर एका प्रकल्पाचा चढ-उतार हाच कल वाटतो. फार मागे गेलात तर दोघांच्या मालिका एकाच वर्षी सुरू होत नसल्याने आणि पद्धतीच्या सांध्यामुळे अर्धा प्रकल्प खुलाशांतच जातो.

भूतान-मालदीव सगळ्यांनीच घेतलंय. दुसरी जोडी सुचवाल?

मॉरिशस आणि मालदीव घ्या. दोन्ही हिंदी महासागरातली बेटं, दोन्हीकडे पर्यटन, त्यामुळे भूगोलाचा फरक बराचसा बाजूला पडतो. मॉरिशसचा रुपया बांधलेला नाही, आणि तिथं वित्तीय सेवांचा मोठा उद्योग आहे. वित्तीय कंपन्या जेवढ्या सेवा विकतात, तेवढ्याच बाहेरून घेतातही, म्हणून ‘इतर व्यावसायिक’ आणि ‘वित्तीय’ हे गट तिथं आधी उघडा. तिथं मराठी बोलणारी जुनी वस्ती आहे, हे कळल्यावर मुलांना त्या देशाबद्दल वेगळीच ओढ वाटते. गेल्या वर्षी एका गटाने ही जोडी घेतली होती. त्यांनी एकूण रेषेचा आलेख शेवटच्या पानावर टाकला आणि पहिल्या पानावर दोन्ही देशांचे गटवार रंगीत पट्टे.

फाइल कधी दाखवायला आणू?

गड्डा संपायच्या आधी. मूळ उतरवलेली फाइल वेगळी ठेवा, तिला हात लावू नका. बदल केलेली दुसरी. कोणत्या तारखेला उतरवली ते वर लिहा, कारण मध्यवर्ती बँका मागच्या वर्षांचे आकडेही सुधारतात आणि जूनमध्ये घेतलेला आकडा डिसेंबरमध्ये तोच राहील असं नाही. येताना दोन्ही फाइली आणा.